हप्ता ठरवण्याआधी गच्चीवर जाऊन ये

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. घर पसंत पडलंय, कर्जही मिळण्यासारखं आहे, आणि आता कुठलं कर्ज घेऊ आणि घर हातात आल्यावर दरवर्षी काय काय करावं लागेल, असे दोन प्रश्न तू विचारलेस. मी दोन्हींचं उत्तर एकत्रच देणार आहे, कारण दोन्ही खर्च एकाच पगारातून जायचे आहेत. कर्ज देणारा तुझं उत्पन्न बघतो, आधीची देणी बघतो आणि तुला किती हप्ता झेपेल ते सांगतो. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, गंजलेला पाइप, दर काही वर्षांनी बाहेरून द्यावा लागणारा रंग यातलं काहीच त्याच्या हिशोबात नसतं. तो म्हणेल तेवढं कर्ज घेतलंस तर घर तुझं होईल, पण ते सांभाळायला हातात काही उरणार नाही. हे फार घरांच्या बाबतीत होताना मी पाहिलंय, म्हणून आधीच सांगते.

घराच्या किमतीच्या साधारण 1 टक्का रक्कम दरवर्षी देखभालीसाठी बाजूला काढावी, असा एक ठोकताळा आहे. जागेच्या भावामुळे किंमत वाढलेली असेल तर हा आकडा जास्त वाटतो, कारण जमिनीला डागडुजी लागत नाही. उलट घर जुनं असेल तर तो कमी पडतो. तरी सुरुवात त्यानेच कर. त्या रकमेला 12 ने भाग, येईल ते कर्जाच्या हप्त्यात मिळव, आणि ही बेरीज दर महिन्याला जमेल का ते बघ. नुसता हप्ता जमतोय म्हणून हो म्हणू नकोस. सामाईक इमारतीत घर असेल तर बाहेरच्या भिंती आणि गच्ची सगळ्यांची मिळून असते, पण खर्चातला तुझा वाटा तुलाच द्यावा लागतो. तेव्हा अशा कामांसाठी इमारतीने सगळ्यांकडून जमवलेला फंड किती आहे आणि गच्चीचं काम शेवटचं कधी झालं, हे व्यवहार करण्याआधी विचार. शक्य असेल तर भर पावसात एकदा घर बघून ये. कोरड्या दिवसांत नव्या रंगाखाली काय झाकलंय ते कळत नाही.

आता घराकडे वळू. घरात जे बिघडतं त्यातलं बहुतेक पाण्यामुळे बिघडतं. काँक्रीटच्या आत लोखंडी सळ्या असतात. ताज्या काँक्रीटमध्ये क्षार इतके असतात की सळीवर एक संरक्षक थर तयार होतो आणि ती गंजत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपतो, भेगांतून पाणी शिरतं, मग तो थर निकामी होतो आणि सळी गंजू लागते. गंज मूळ लोखंडाच्या 2 ते 6 पट जागा व्यापतो. आतून असा रेटा आला की काँक्रीट फुटतं, छताचे पोपडे पडतात आणि सळ्या उघड्या दिसू लागतात. अशा जागी नुसतं वरून प्लास्टर मारून घेतलं तर आत गंज चालूच राहतो आणि नवं प्लास्टरही काही दिवसांत सुटतं. सैल झालेलं काँक्रीट पूर्ण काढायचं, सळी घासून स्वच्छ करायची, गंजरोधक लावायचं, आणि मग भरायचं. सळी फारच बारीक झाली असेल किंवा जागा तुळईची, खांबाची असेल तर गवंड्याच्या भरवशावर राहू नकोस, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलव.

म्हणून वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस पावसाळ्याच्या दीडदोन महिने आधीचा. त्या दिवशी गच्चीवर जा. पाणी वाहून जाण्याच्या जाळ्या उघडून आतला पाला आणि माती काढ, पाइपमध्ये बादलीभर पाणी ओतून ते खाली किती वेगाने येतं ते बघ. कठड्याच्या माथ्यावरच्या भेगा, आणि गच्ची व कठडा जिथे मिळतात तो कोपरा नीट तपास, गळती बहुधा तिथूनच सुरू होते. भिंतीत एखादं रोप उगवलं असेल तर नुसतं वरून छाटू नकोस. मूळ राहिलं तर ते पुन्हा फुटतं आणि भेग रुंदावतं. शंका असेल तर जाळ्या बंद करून गच्चीवर इंचभर पाणी साठव आणि 24 ते 48 तास खालच्या छताकडे लक्ष ठेव. मात्र छत जुनं, वाकलेलं किंवा पोपडे पडलेलं असेल तर हा प्रयोग करू नकोस; साठलेल्या पाण्याचं वजन बरंच असतं. हे सगळं इतक्या आधी करायचं, कारण वॉटरप्रूफिंगला कोरडा पृष्ठभाग लागतो. ढग जमल्यावर सगळेच कारागिरांच्या मागे लागतात आणि ओल्या गच्चीवर घाईत केलेलं काम टिकत नाही.

पहिला जोराचा पाऊस झाला की टॉर्च घेऊन घरभर फिर. छताचे कोपरे, खिडक्यांच्या वरची बाजू, बाथरूमच्या मागची भिंत, कपाटांच्या मागे. डाग दिसला तर त्याच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढ, तारीख घाल, फोटो काढ. आठवड्याने डाग रेघेच्या बाहेर गेलाय का ते कळेल. भेगेचंही तसंच: दोन्ही टोकांना खूण कर. प्लास्टरच्या केसाएवढ्या भेगा घाबरण्यासारख्या नसतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, लांबत चाललेली किंवा 5 मिलिमीटरहून रुंद भेग मात्र जाणकाराला दाखव.

ओल दिसली की लोक आधी रंगारी बोलावतात. तू आधी ओल कुठून येते ते शोध. फक्त पावसात येते आणि नंतर वाळते, तर पाणी बाहेरून येतंय. बाराही महिने तशीच राहते, तर पाइप बघ: सगळे नळ बंद कर, कुणी पाणी वापरत नाही याची खात्री कर आणि पाण्याचा मीटर बघ, काटा हलत असेल तर कुठेतरी गळती आहे. जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंतच ओल असेल आणि भिंतीवर पांढरा लोणा आला असेल, तर ती जमिनीतून वर चढतेय आणि गच्चीवर केलेल्या खर्चाने ती थांबणार नाही. चौथी शक्यता घरातल्याच वाफेची. भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेव. थेंब खोलीच्या बाजूने जमले तर हवा खेळती ठेवणं हाच उपाय आहे. भिंतीच्या बाजूने जमले तर ओल भिंतीत आहे. मोठा खर्च करण्याआधी एवढं तपासलंस तर चुकीच्या दुरुस्तीचे पैसे वाचतील.

पाऊस संपला की भिंती पूर्ण वाळू दे, मगच रंग. ओल्या भिंतीवर दिलेला महागातला रंगही फुगतो. या काळात वाळवीच्या मातीच्या बारीक नळ्या दिसतात का ते दारांच्या चौकटींशी आणि जमिनीलगत बघ. पाण्याच्या टाक्या वर्षातून दोनदा धुऊन घे. कडक उन्हाळ्यात पंखे आणि वातानुकूलन यंत्र सतत चालतात, तेव्हा वायरिंगवर ताण येतो: गरम होणारं प्लग पॉइंट किंवा जळका वास आला तर तो पॉइंट वापरणं लगेच थांबव. मीटरजवळच्या विजेच्या गळतीरोधक स्विचवर चाचणीचं बटन असतं. ते दर काही महिन्यांनी दाबून बघ, स्विच पडला पाहिजे. नाही पडला तर इलेक्ट्रिशियनला बोलव. जिथे पाणी गोठतं तिथे उघड्यावरच्या पाइपना थंडीआधी आवरण घालावं लागतं, कारण गोठताना पाणी सुमारे 9 टक्क्यांनी फुगतं आणि पाइप फोडतं.

पैसे कमी असतील तर क्रम मोडू नकोस. आधी पाणी, मग काँक्रीट आणि सळ्या, मग वीज, आणि फरशी, फर्निचर, रंग सगळ्यात शेवटी. पाहुण्यांना रंग दिसतो म्हणून त्याचा मोह होतो, हे मला माहीत आहे.

आता कर्ज. आकडे घेऊनच बोलू. 1,00,000 चं कर्ज, दर 9 टक्के, मुदत 20 वर्षं. महिन्याचा हप्ता येतो सुमारे 900. पहिल्या हप्त्यातले 750 व्याजात जातात आणि मुद्दल फक्त 150 ने कमी होतं. मुद्दल निम्म्यावर यायला जवळजवळ 14 वर्षं लागतात. सगळं फिटेपर्यंत तू सुमारे 2,16,000 भरलेले असतात. मुदत 30 वर्षं केलीस तर हप्ता 805 वर येतो, पण एकूण भरणा 2,90,000 च्या जवळ जातो. महिन्याला 95 वाचवण्यासाठी जवळपास 74,000 जास्त. 15 वर्षांत फेडायचं म्हटलंस तर हप्ता 1,014 आणि एकूण भरणा सुमारे 1,82,600. हे आकडे तुझ्या कर्जाच्या पटीत गुणून कागदावर मांड. हप्ता किती कमी होईल हे तुला सगळेच सांगतील, पण एकूण भरणा विचारल्याशिवाय सहसा कुणी सांगत नाही.

स्थिर दर की बदलता दर, हा तुझा मुख्य प्रश्न होता. स्थिर दर सहसा थोडा जास्त असतो, कारण दर वाढण्याचा धोका कर्ज देणारा स्वतःवर घेतो. पण तो पूर्ण मुदतीसाठी स्थिर आहे की पहिल्या दोन-पाच वर्षांपुरताच, हे लेखी विचार. बदलत्या दरात दर वाढला की बरेचदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली जाते, आणि हे तुझ्या लक्षातही येत नाही. वरच्याच कर्जात सुरुवातीलाच दर 9 वरून 10 झाला आणि हप्ता 900 च राहिला, तर 20 वर्षांचं कर्ज 26 वर्षांवर जातं. दर 11 झाला तर महिन्याचं व्याजच 917 होतं. मग 900 भरूनही मुद्दल दर महिन्याला वाढत राहील. म्हणून दर बदलल्याचं पत्र आलं की त्यात उरलेली मुदत बघ, आणि शक्य असेल तर हप्ता वाढवून घे.

माझं मत विचारशील तर एक कसोटी लाव. दर 9 वरून 11 वर गेला असं धर. 20 वर्षांचीच मुदत राखायची तर 900 चा हप्ता 1,032 होतो. हा वाढलेला हप्ता आणि देखभालीची ती मासिक रक्कम, दोन्ही देऊन घर नीट चालत असेल तर बदलता दर घे. दर उतरले तर त्याचा फायदाही तुला मिळेल. चालत नसेल तर पूर्ण मुदतीचा स्थिर दर शोध, किंवा कर्जच कमी घे. दुसरा मार्ग जिवावर येतो, पण बहुतेक वेळा तोच बरोबर असतो.

बदलता दर दोन भागांचा असतो: बाजाराबरोबर हलणारा एक आधारदर आणि स्प्रेड, म्हणजे कर्ज देणारा त्यावर स्वतःचे म्हणून मिळवतो ते जादा टक्के. जाहिरातीतला एकूण दर बघून दोन कर्जांची तुलना करू नकोस. स्प्रेड किती, तो पुढे कोणत्या अटीवर बदलू शकतो, आधारदर कोणता आणि दर किती महिन्यांनी नव्याने ठरतो, हे विचार. प्रक्रिया शुल्क, मूल्यांकनाचा आणि वकिलाचा खर्च, कर्जाबरोबर गळ्यात घातलेला विमा हे सगळं धरून वर्षाचा खरा खर्च किती टक्के पडतो, ते काढायला सांग. विम्याचा हप्ता कर्जातच मिळवला जात असेल तर त्यावरही वर्षानुवर्षं व्याज भरावं लागतं. विमा हवाच, पण वेगळा घेतला तर कितीला पडतो ते आधी बघ. सुरुवातीची काही वर्षं फक्त व्याज भरा, अशी सवलत कुणी दिली तर त्या काळात मुद्दल जराही कमी होत नाही, हे ध्यानात ठेव.

मुदतीआधी पैसे भरण्याची मोकळीक आणि त्यावरचा दंड, हे कलम माझ्या दृष्टीने पाव टक्का कमी दरापेक्षाही महत्त्वाचं आहे. 9 टक्के आणि 20 वर्षांच्या कर्जात दरवर्षी एक हप्ता जास्त भरलास तर कर्ज सुमारे साडेसोळा वर्षांत फिटतं. भरताना हप्ता कमी न करता मुदत कमी करायला लेखी सांग. पहिल्या वर्षांत भरलेली जादा रक्कम सगळ्यात जास्त व्याज वाचवते. शेवटच्या दोन-तीन वर्षांत भरण्याला तेवढा अर्थ नसतो. कमी दरासाठी कर्ज दुसरीकडे हलवण्याचंही तेच.

पण जादा पैसे आले की आधी हाताशी किमान सहा महिन्यांचे हप्ते शिल्लक आहेत का ते बघ. नंतर गच्चीचं काम थकलंय का ते बघ. दोन्ही ठीक असेल तरच कर्जात भर. गळतं छत ठेवून कर्ज फेडणारे नंतर त्याच दुरुस्तीसाठी महागडं कर्ज काढतात. अशा छोट्या कर्जांत 'फ्लॅट' दर, म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज, सांगितला तर सावध हो: 5 वर्षांसाठी 10 टक्के फ्लॅट म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच्या व्याजाच्या हिशोबाने 17 टक्क्यांच्या वर.

फाइल दोन ठेव. एकीत कर्जाची सगळी पत्रं आणि दरवर्षीचं उरलेल्या मुद्दलाचं विवरण. दुसरीत घराची: कोणतं काम कधी केलं, कोणतं सामान वापरलं, हमी किती वर्षांची, आणि भिंती बंद होण्याआधी आतल्या पाइप-वायरींचे काढलेले फोटो. कर्ज फिटलं की मूळ कागदपत्रं परत घे, येणं बाकी नसल्याचा दाखला घे आणि सरकारी नोंदीतला तारणाचा बोजा उतरवून घे. शेवटचा हप्ता गेला म्हणजे हे आपोआप होतं असं गृहीत धरू नकोस.

मंजुरीपत्र हातात आलं की सही करण्याआधी दर बदलण्याचं आणि मुदतीआधी परतफेडीचं कलम असलेली पानं मला पाठव, आणि त्यांच्याबरोबर गच्चीचे फोटोही.

कळावे.