नामांकन मिळालेल्या तरुण संकलकास पत्र

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या चित्रपटाला संकलनाचे नामांकन मिळाल्याचे कळले आणि फार बरे वाटले. सोहळ्याला जावे की नाही, आणि पुरस्कार मिळालाच तर त्याचा नेमका अर्थ काय धरावा, असे तू विचारले आहेस. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: जावे, वेळेवर जावे आणि घरून जेवून जावे. दुसऱ्यासाठी मात्र थोडे लांबून यावे लागेल. निकाल आणि सोहळा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, त्या निराळी माणसे निराळ्या कारणांसाठी घडवतात, आणि नव्या माणसाची फसगत बहुतेक वेळा त्या दोन्ही एकच समजल्यामुळे होते.

आधी सोहळ्याकडे पाहू. १६ मे १९२९ रोजी हॉलिवूडच्या रूझवेल्ट हॉटेलात पहिली ऑस्कर दिली गेली, तेव्हा पुरस्कारवाटप सुमारे पंधरा मिनिटांत आटोपले होते आणि विजेत्यांना आपली नावे तीन महिने आधीच ठाऊक होती. पुढे नावे वर्तमानपत्रांना आगाऊ द्यायची आणि त्यांनी ती रात्री उशिरा छापायची अशी रीत पडली. १९४० साली लॉस एंजलिस टाइम्सने ती सोहळ्याआधीच छापून टाकली, आणि १९४१ पासून बंद पाकिटे आली. म्हणजे आज ज्या क्षणी सगळे श्वास रोखून बसतात, तो क्षण पुरस्काराबरोबर जन्मलेला नाही. एका वर्तमानपत्राच्या उतावीळपणामुळे तो निर्माण करावा लागला, आणि पुढे दूरचित्रवाणीला तो इतका मानवला की त्याच्यावाचून आता असा कार्यक्रम कोणी विकत घेणार नाही.

निकाल बरोबर असूनही सोहळा चुकू शकतो, हे २०१७ च्या ऑस्करमध्ये जगाने पाहिले. तिथे रंगमंचाच्या दोन्ही विंगांत पाकिटांचा एकेक पूर्ण संच ठेवलेला असतो, कारण पुरस्कार देणारे कोणत्याही बाजूने येऊ शकतात. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे नाव एका संचातून वाचून झाले होते. दुसऱ्या संचातले तेच पाकीट न उघडता उरले होते, ते सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे नाव जाहीर करायला आलेल्या अभिनेते वॉरन बीटी यांच्या हाती गेले, आणि ‘मूनलाइट’ऐवजी ‘ला ला लँड’चे नाव पुकारले गेले. मतमोजणीत काहीही चुकले नव्हते. चुकली ती विंगेतली देवाणघेवाण, आणि लोकांच्या लक्षात आज तेवढेच राहिले आहे.

आपल्याकडे वाहिन्यांवर दिसणाऱ्या खासगी सोहळ्यांचे संकलन मी केलेले आहे, त्यामुळे ते आतून कसे दिसतात हे तुला सांगू शकतो. कार्यक्रम जाहीर वेळेपेक्षा उशिरा सुरू होतो, मध्यरात्र उलटून जाते, आणि काही आठवड्यांनी जाहिरातींसह बसेल एवढा तुकडा घरोघरी पोहोचतो. संकलकाच्या टेबलावर सर्वांत मौल्यवान वस्तू असते ती प्रेक्षकांतल्या चेहऱ्यांची. अभिनेत्री हसते, दिग्दर्शक टाळ्या वाजवतो, कोणाचे डोळे भरून येतात. हे शॉट वेगळे काढून ठेवलेले असतात आणि जिथे सभागृह थंड पडले असेल तिथे वापरले जातात. एखाद्या कोटीवर जे हसू तुला पडद्यावर दिसते, ते दोन तासांपूर्वीच्या दुसऱ्याच कोटीवरचे असू शकते. आम्ही फक्त एवढे पाहतो की शेजारच्या खुर्चीवरचा माणूस मधल्या वेळात बदललेला नाही, आणि कोणाचा कोट उतरवून खुर्चीच्या पाठीवर गेलेला नाही. टाळ्यांचा आवाजही वरून चढवलेला असतो. तू ज्या दिवशी तिथे बसशील त्या दिवशी हे सगळे घडताना दिसेल. एक संकलक म्हणून तो प्रकार मजेने पाहा.

तांत्रिक पुरस्कार अशा कार्यक्रमांत सुरुवातीलाच, अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असताना उरकले जातात आणि प्रक्षेपणात त्यांची एक धावती पट्टी उरते. म्हणून वेळेवर जा म्हटले. मनाला लावून घेऊ नकोस, हे दुखणे केवळ आपले नाही. २०२२ साली ऑस्करनेही संकलन, ध्वनी, पार्श्वसंगीत, कलादिग्दर्शन यांच्यासह आठ पुरस्कार थेट प्रक्षेपणाआधी देऊन त्यांचे तुकडे नंतर जोडले होते. संकलकांसह बऱ्याच जणांनी आक्षेप घेतला, आणि पुढच्या वर्षी ते सगळे पुन्हा थेट कार्यक्रमात आले. संकलनाचा पुरस्कारच संकलित करून दाखवावा, यातला विनोद आयोजकांच्या ध्यानात आला नसावा.

सरकारी सोहळ्यांची तऱ्हा वेगळी. राष्ट्रीय पुरस्कारांत पाकीट नसते. नावे आधीच दिल्लीत पत्रकारांसमोर जाहीर होतात, आणि विज्ञान भवनात आदल्या दिवशी कोणी कुठून चढायचे, कुठे थांबायचे, कोणत्या बाजूने उतरायचे याची तालीम होते. तिथे नाट्य नाही, मान आहे, आणि तो कोणाच्या हातून मिळतो याला फार महत्त्व आहे. मे २०१८ मध्ये राष्ट्रपती केवळ अकरा पुरस्कार देतील आणि उरलेले मंत्री देतील, असे ऐन वेळी कळल्यावर पन्नासहून अधिक विजेते समारंभाला गेलेच नाहीत. बाहेरच्यांना तो हट्ट वाटला. मला वाटत नाही. रोख रक्कम तीच होती, प्रमाणपत्रावरचा मजकूरही तोच होता. पण ज्या पुरस्काराचे सगळे वजन राष्ट्रपतींच्या हातून मिळण्यात आहे, त्यातून तेवढेच वजा केले तर लोक रागावणारच. महाराष्ट्राच्या राज्य चित्रपट पुरस्कारांत तर तांत्रिक विभागांचे निकाल नामांकनांबरोबरच जाहीर होतात आणि सोहळ्यापर्यंत गुपित राखले जाते ते मुख्यतः चित्रपट, दिग्दर्शन आणि अभिनयाचे. कधी कधी सोहळाच मागे पडतो. ५७वा आणि ५८वा असे दोन सोहळे २०२४ च्या ऑगस्टमध्ये वरळीला एकत्र झाले, आणि तोवर त्या चित्रपटांतली माणसे आणखी कितीतरी कामे करून मोकळी झाली होती.

आता निकालाकडे येतो, कारण तुझा खरा प्रश्न तिथे आहे. राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांची पाच विभागीय मंडळे चित्रपट गाळतात आणि मग मध्यवर्ती मंडळ अंतिम निवड करते. इतरत्र नावे आणि टप्पे बदलतात. पण शेवटी काही माणसे एका खोलीत बसतात, थोड्या दिवसांत बरेच चित्रपट पाहतात आणि एकमत होईपर्यंत बोलतात. मी अशा एका मंडळावर बसलेलो आहे. तिथे कोणी पैसे घेत नव्हते, कोणी कोणाचा भाचाही नव्हता, तरीही निकाल केवळ गुणांवर लागला असे मी म्हणणार नाही. एका चित्रपटाला दिग्दर्शनाचा पुरस्कार दिला की दुसऱ्याला पटकथेचा द्यावा असे वाटू लागते. ज्याला अभिनयात काही देता आले नाही त्याचे छायालेखनात समाधान केले जाते. आणि संकलनाचा क्रम लागेपर्यंत टेबलावर जे उरलेले असते त्यातून वाटणी होते. यात लबाडी नसते. समंजस माणसांनी केलेला तो तह असतो, आणि तहात प्रत्येक कलम आपापल्या गुणांवर ठरत नाही.

संकलकाच्या बाबतीत याहून मोठी अडचण आहे. परीक्षकांनी तुझे कच्चे चित्रण पाहिलेले नसते. तुझ्या हाती काय आले होते, कोणता प्रसंग अर्धाच चित्रित झाला होता, कोणत्या नटाचा कोणता टेक तू कुठून आणून जोडलास, दुसऱ्या अंकातली वीस मिनिटे काढायला दिग्दर्शकाला कसे राजी केलेस, यातले काहीच पडद्यावर दिसत नाही, आणि दिसू नये म्हणूनच तू खपलेला असतोस. त्यामुळे परीक्षक अनेकदा संकलन म्हणून जे उचलतात ते उघड दिसणारे संकलन असते: वेगवान मारामारी, गाण्यातले झपाटे, काळाची उलथापालथ. जिथे दोन माणसे स्वयंपाकघरात बोलतात आणि शॉट नेमका एका क्षणाने उशिरा कापल्यामुळे काळजात चर्र होते, तिथे ते नटाला गुण देतात. तू या धंद्यात आहेस तोवर हे असेच चालणार.

म्हणून मी विजयापेक्षा नामांकनाकडे जास्त आदराने पाहतो, निदान जिथे ते आपल्याच कामातली माणसे देतात तिथे. ऑस्करमध्ये संकलकांची नामांकने संकलक ठरवतात आणि अंतिम मत सगळ्या शाखांचे सभासद देतात. पहिल्या टप्प्यात तुला पारखणारा कापण्यातले कष्ट जाणतो. दुसऱ्या टप्प्यात मत देणारा बहुधा चित्रपट आवडला म्हणून देतो.

मग जिंकण्याचे मोल काहीच नाही का? आहे, आणि ते चोख वसूल करावे. पुढच्या वेळी निर्माता तुझ्या मानधनात घासाघीस करताना जरा कचरेल. दिग्दर्शक तुझे म्हणणे पूर्ण ऐकून घेईल. घरी वडिलांना शेजाऱ्यांना सांगायला काहीतरी मिळेल, आणि आपल्या धंद्यात ही लहान गोष्ट नाही. छोट्या चित्रपटाला तर पुरस्कारच कधी कधी चित्रपटगृह मिळवून देतो. राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, १९५४ मध्ये, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला मिळाले, पन्नास वर्षांनी ‘श्वास’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला, आणि मराठीत वेगळे काही करू पाहणाऱ्या तरुणांना निर्मात्याच्या दारात उभे राहण्याची हिंमत आली. मात्र ही सवलत टिकते थोडा काळ. पुढच्या वर्षीची नावे जाहीर झाली की तू माजी विजेता होतोस, म्हणून हाती असलेल्या त्या काळात रक्कम वाढवण्यापेक्षा चांगला चित्रपट मागून घे.

मूर्तीबद्दलही दोन शब्द लिहितो. फिल्मफेअरची ती काळी बाई एन. जी. पानसरे या आपल्या शिल्पकाराच्या हातची आहे. १९५४ साली मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहात पहिल्यांदा दिली गेली तेव्हा पुरस्कार जेमतेम पाच होते. घरी आणल्यावर मूर्तीचे काय होते, हे कोणी सांगत नाही. कोल्हापूरच्या भानू अथय्या यांनी १९८३ साली ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळवले, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. २०१२ साली त्यांनी ती बाहुली सांभाळण्यासाठी ऑस्कर देणाऱ्या अकादमीकडे परत सोपवली. आपल्यामागे ती नीट राहील याची त्यांना खात्री वाटत नव्हती, आणि शांतिनिकेतनातून रवींद्रनाथांचे नोबेल पदक चोरीला गेल्याचे त्यांना ठाऊक होते. त्यानंतरही कोणाला त्यांची ओळख करून देताना ऑस्करचाच उल्लेख आधी आला. त्यांच्या दोन राष्ट्रीय पुरस्कारांची, ‘लेकिन’ आणि ‘लगान’च्या कपड्यांची आठवण फार थोड्यांना झाली. एक पुरस्कार बाकीचे काम झाकून टाकू शकतो, हेही लक्षात असू दे.

आता या आठवड्यातली कामे. प्रवेशिकेत निर्मात्याने संकलक म्हणून कोणाचे नाव लिहिले आहे ते आजच विचार. पुरस्कार अर्जावरच्या नावाला मिळतो, आणि सहसंकलकाचे नाव गाळले गेल्यामुळे झालेली भांडणे मी पाहिली आहेत. नाव पडद्यावर जसे आहे तसेच अर्जात आहे ना, आडनावासकट, हेही तपास, कारण मूर्तीवरची पट्टी त्यावरूनच कोरतात. बोलायची वेळ आली तर वेळ फार थोडा मिळेल, म्हणून तुझ्या साहाय्यकांची नावे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून खिशात ठेव आणि ती सर्वांत आधी वाच. दिग्दर्शकाचे नाव घेणारे त्या रात्री पुष्कळ असतात. नाव दुसऱ्याचे पुकारले गेले तर टाळ्या मोकळेपणी वाजव, कारण त्या वेळी एक कॅमेरा तुझ्यावर लावलेला असेल आणि तो शॉट कोणता संकलक कुठे जोडेल याचा नेम नाही.

कळावे, लोभ असावा.