दिव्यांगांची जागा आणि शंभर पौंडांचं पत्र

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. दोन्ही गुडघे झिजलेले, वॉकरशिवाय चालता येत नाही. एस.एस.जी. हॉस्पिटलमधून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं आणि यूडीआयडी कार्डही (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) झालं. सध्या त्या लेस्टरला धाकट्या दिरांकडे आहेत. ३ जूनला तिथल्या एका सुपरमार्केटच्या आवारात गाडी व्हीलचेअरची खूण असलेल्या जागेत लावली होती. काचेवर कुणी नोटीस चिकटवलेली नव्हती. नंतर पोस्टाने पत्र आलं, त्यावर तारीख १६ जून. 'ब्लू बॅज दिसला नाही, १०० पौंड भरा, १४ दिवसांत भरल्यास ६०.' (ब्लू बॅज म्हणजे तिथल्या दिव्यांगांना मिळणारा पार्किंगचा परवाना.) गाडी दिरांच्या नावावर आहे. त्यांचे मित्र म्हणतात, असली पत्रं फाडून टाकायची. जाऊबाई म्हणतात, भरून टाका, नाहीतर आईंच्या पुढच्या व्हिसाला अडचण येईल. काय करावं?
(एक वाचक भगिनी, कारेलीबाग, बडोदा)

उत्तर : फाडूही नका आणि घाबरून भरूही नका. अपिलाची मुदत चालू असल्याने तुम्हाला हे आधीच कळवलं आहे. इथे ते सविस्तर देतो, कारण बडोद्यातल्या कितीतरी घरांतले आई-वडील चार-सहा महिन्यांसाठी मुलांकडे इंग्लंडला जातात आणि ही वेळ कुणावरही येऊ शकते.

व्हिसाची काळजी आधी मिटवू. पत्राच्या माथ्यावर 'पार्किंग चार्ज नोटीस' आहे की 'पेनल्टी चार्ज नोटीस', ते पाहा. दोन्हींचं लघुरूप पीसीएनच, म्हणून गफलत होते. पेनल्टी चार्ज तिथल्या कौन्सिलचा (म्हणजे स्थानिक पालिकेचा) असतो, त्याला कायद्याने दिलेला अधिकार असतो आणि त्याच्या अपिलाची वाट वेगळी आहे. पार्किंग चार्ज खासगी कंपनीचा. तो दंड नव्हे. 'आमच्या आवारातल्या अटी तुम्ही मोडल्या, सबब इतके पैसे द्या' अशी ती करारावरची मागणी आहे. पोलीस किंवा गुन्हा यांचा तिच्याशी संबंध नाही, म्हणून व्हिसाच्या काळजीचं कारण नाही. पण ती पोकळही नाही. २०१५ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस खटल्यात ८५ पौंडांचा असाच चार्ज वैध ठरवला. मित्रांचा सल्ला त्याआधीच्या काळातला आहे.

आता तारखा मोजू, कारण तुमच्या बाबतीत त्या फार महत्त्वाच्या आहेत. गाडी कोण चालवत होतं हे कंपनीला ठाऊक नसतं. तिच्याकडे गाडीचा नंबर असतो आणि त्यावरून डीव्हीएलएकडून (तिथल्या वाहन-नोंदणीच्या सरकारी कार्यालयाकडून) ती नोंदणीकृत धारकाचं नाव-पत्ता मिळवते. चालकाऐवजी धारकाकडून पैसे मागायचे, तर इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१२च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्टच्या चौथ्या परिशिष्टातली प्रत्येक अट पाळावी लागते. काचेवर नोटीस लावलेली नसेल, तर पोस्टाची नोटीस १४ दिवसांत पोचली पाहिजे, आणि मोजणी गाडी लावल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. म्हणजे ४ जून हा पहिला दिवस, १७ जून हा शेवटचा. पोस्टात टाकल्यानंतरचा कामकाजाचा पहिला दिवस सोडून त्यापुढच्या कामकाजाच्या दिवशी नोटीस पोचली असं कायदा धरतो. १६ तारखेचं पत्र १८ जूनच्या आधी पोचलं असं धरताच येत नाही. मुदत हुकली! त्यामुळे धारक म्हणून दिरांवर जबाबदारी येत नाही, कंपनीने चालकाला गाठावं. पाकीट जपून ठेवा. (काचेवर नोटीस लावली असती तर हिशेब बदलला असता. तेव्हा धारकाला २९व्या ते ५६व्या दिवसादरम्यान नोटीस मिळावी लागते.)

ही बाजू एका वाक्याने हातची जाते. 'मी गाडी तिथे लावली, कारण आईला...' असं लिहिलं, की लिहिणाराच चालक ठरतो आणि तारखांचा मुद्दा संपतो. म्हणून सगळीकडे 'गाडीचा नोंदणीकृत धारक या नात्याने' असंच लिहायचं. ऑनलाइन फॉर्ममध्ये 'आपण कोण?' या रकान्यात धारक निवडायचं. खासगी कंपनीला चालकाचं नाव सांगण्याचं बंधन नाही. मात्र खोटं कुठेही लिहू नका. न सांगणं आणि खोटं सांगणं यांत कोर्टाच्या लेखी मोठं अंतर आहे.

तारखांचा मुद्दा तांत्रिक झाला. आमच्या मते खरा मुद्दा सासूबाईंचा हक्क हा आहे आणि तो ठामपणे मांडायला हवा. ब्लू बॅजची योजना मुळात सार्वजनिक रस्त्यांसाठी आहे. खासगी आवारात ती कायदा म्हणून लागू नसते, कंपनी बॅजला फक्त सोयीचा पुरावा मानते. दुकानाच्या आवारात अशा जागा राखल्या जातात त्या २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टमुळे. कलम २० प्रमाणे सेवा देणाऱ्याने दिव्यांगांसाठी वाजवी फेरबदल करायचे असतात. दिव्यांग कोण, हे कलम ६ सांगतं: शरीराची किंवा मनाची अशी बाधा, जिचा रोजच्या व्यवहारांवर ठळक आणि दीर्घकाळचा परिणाम होतो. 'ठळक' म्हणजे किरकोळाहून जास्त, 'दीर्घकाळ' म्हणजे १२ महिने किंवा अधिक. बॅज असलाच पाहिजे, असं या व्याख्येत कुठेही नाही. तिथलं नागरिकत्व किंवा कायमचं वास्तव्यही लागत नाही. झिजलेल्या गुडघ्यांनी वॉकर घेऊन चालणाऱ्या सासूबाई या व्याख्येत सरळ बसतात. त्या केवळ गाडीत बसून आल्या होत्या, याने फरक पडत नाही. जागा त्यांच्या उतरण्यासाठी वापरली गेली.

यूडीआयडी कार्ड म्हणजे ब्लू बॅज नव्हे. ते डॅशबोर्डवर ठेवून तिथे कौन्सिलच्या राखीव जागेत गाडी लावू नका, दंड होईल. पण पुरावा म्हणून त्याचं वजन आहे. कार्डाची प्रत (क्रमांकाचे मधले आकडे झाकून), हाडांच्या डॉक्टरांचं इंग्रजी पत्र ज्यात आजार कधीपासून आणि किती पावलं चालता येतं हे असेल, आणि 'माझी वैद्यकीय माहिती मुलाने वापरावी' अशा सासूबाईंच्या सहीच्या दोन ओळी, एवढं पुरेसं आहे. एक्स-रेची अख्खी फाइल पाठवू नका. पार्किंग कंपनीला तेवढं जाणून घेण्याचा अधिकार नाही.

कंपनीला लिहिण्याआधी दुकानाकडे जा. हा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग आहे आणि लोक नेमका तोच विसरतात. पार्किंग कंपनी दुकानाने नेमलेली असते, त्यामुळे दुकानाने सांगितलं की चार्ज रद्द होऊ शकतो. त्या दिवसाची पावती, नाहीतर कार्डाने पैसे दिल्याची बँकेतली नोंद घेऊन मॅनेजरला भेटायचं, तोंडी आश्वासनावर न थांबता ईमेल मागायचा. मॅनेजरने 'आमच्या हातात नाही' म्हटलं तर मुख्य कार्यालयाला लिहायचं: दिव्यांग ग्राहकाला तुमच्याच आवारात शिक्षा झाली, इक्वॅलिटी ॲक्टखालची जबाबदारी तुमचीही आहे.

दुकानाच्या उत्तराची वाट पाहताना कंपनीची मुदत जाऊ देऊ नका. अपील २८ दिवसांत टाकायचं. १४ दिवसांच्या आत टाकल्यास आणि फेटाळलं गेल्यास सवलतीची रक्कम साधारणपणे पुन्हा देऊ केली जाते. मजकूर छोटा असावा: मी धारक आहे, नोटीस मुदतीत पोचली नाही म्हणून माझ्यावर जबाबदारी येत नाही, जागा इक्वॅलिटी ॲक्टप्रमाणे दिव्यांग असलेल्या व्यक्तीसाठी वापरली, पुरावा सोबत, चार्ज रद्द करा, नाहीतर स्वतंत्र अपिलाचा तपशील द्या. आवारातल्या पाट्यांचे फोटोही काढून ठेवा, लांबून आणि जवळून. पाटी उंचावर, बारीक अक्षरांत किंवा अंधारात असेल तर करारच कळला नाही, हाही मुद्दा होतो. ऑनलाइन पाठवल्यास स्क्रीनशॉट घ्या. पोस्टाने पाठवल्यास तिथल्या पोस्टात पाठवल्याचा दाखला फुकट मिळतो.

कंपनीने फेटाळलं तर पुढचा मंच ती कोणत्या संघटनेची सदस्य आहे त्यावर ठरतो. बीपीए आणि आयपीसी या पार्किंग कंपन्यांच्या दोन संघटना. बीपीएची असेल तर पॉपला, आयपीसीची असेल तर आयएएस, हे त्यांचे अपिलाचे मंच. पॉपलासाठी फेटाळल्याच्या पत्रात एक कोड येतो आणि तिथून २८ दिवस मिळतात. फी नाही. निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. कंपनीने आपला पुरावा टाकला की उत्तरासाठी सात दिवस मिळतात, तो ईमेल नजरेतून सुटू देऊ नका. इथे बहुतेकांचं चुकतं ते असं, की ते आजारपणाची करुण कहाणी लिहितात आणि तारखांचा मुद्दा शेवटी कुठेतरी ढकलतात. हे मंच मुख्यतः करार, पाट्या आणि नोटिसा तपासतात. तारखा सर्वांत वर लिहा, हक्काचा मुद्दा त्याखाली.

त्यानंतर वसुली कंपन्यांची लालभडक पत्रं येतील, रकमेत ७० पौंडांपर्यंत भर पडलेली असेल. घरात शिरायचा किंवा सामान उचलायचा त्यांना अधिकार नाही. मात्र 'लेटर ऑफ क्लेम' (दाव्याआधीची लेखी नोटीस) आलं तर ३० दिवसांत उत्तर द्यायचं. कोर्टाचा क्लेम फॉर्म आला तर तो पोचला असं धरलं जातं त्या दिवसापासून १४ दिवसांत पोच नोंदवायची, म्हणजे बचाव दाखल करायला एकूण २८ दिवस मिळतात. लोक हरतात ते इथे, तेही न लढता. उत्तर न गेल्यास एकतर्फी निकाल लागतो, आणि एका महिन्यात पूर्ण रक्कम न भरल्यास तो सहा वर्षं पतनोंदीत राहतो. दिरांनी घर बदललं असेल तर गाडीच्या नोंदणीवरचा पत्ता आजच बदलून घ्यावा.

प्रश्न : मुलगा बर्मिंगहॅमला असतो. फक्त दोन मिनिटं दिव्यांगांच्या जागेत गाडी लावून औषध आणायला गेला, गाडीत दुसरं कुणी नव्हतं. नोटीस आली आहे. काही पळवाट?
(एक वाचक, रावपुरा)

उत्तर : नोटीस त्याच्या पत्त्यावर मुदतीत आली असेल, तर १४ दिवसांत सवलतीची रक्कम भरावी. ती दोन मिनिटं नेमकी कुणाची तरी असतात. व्हीलचेअर बाहेर काढायला दार पूर्ण उघडावं लागतं आणि साध्या जागेत ते उघडत नाही; अशा माणसाला जागा दिसली नाही की तो खरेदी न करता घरी परततो. आजीचं नाव पुढे करून अपील करण्याचा सल्ला कुणी दिला असेल तर तो मुळीच ऐकू नका.

प्रश्न : बडोद्यातल्याच एका व्यापारी संकुलाच्या तळघरात माझ्या वडिलांच्या, हाताने चालवायच्या गाडीला ठेकेदाराने साखळी लावली. यूडीआयडी कार्ड दाखवलं, तरी 'आमचा स्टिकर नाही' म्हणून ५०० रुपये 'दंड' घेतला. पावती साध्या चिठोऱ्यावर. इथे दाद कुठे मागायची?
(एक वाचक, मांजलपूर)

उत्तर : दंड करण्याचा अधिकार पोलीस, महापालिका यांसारख्या कायद्याने नेमलेल्या यंत्रणेला असतो, खासगी ठेकेदाराला नसतो. त्याचा दावा फार तर करारभंगाचा, आणि १८७२च्या करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं की लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, प्रत्यक्षात वाजवी भरपाईच मिळते. दिव्यांगांच्या जागेत दिव्यांगानेच गाडी लावली, तर भरपाई कसली?

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 'सार्वजनिक इमारत' या संज्ञेत लोकांच्या वापरातली खासगी इमारतही येते, आणि नियम मोडल्यास कलम ८९ खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. तो त्यांना होऊ शकतो, तुम्हाला नव्हे.

चिठोऱ्याचा, साखळीचा, पाटीचा आणि जागेचा फोटो ठेवा. मोजपट्टीने जागेची रुंदीही मोजा. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे अशी जागा किमान ३.६० मीटर रुंद आणि प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत हवी. रुंदी कमी भरली तर तक्रारीत तेही लिहा. संकुलाच्या व्यवस्थापनाला १५ दिवसांची लेखी मुदत द्या, प्रत ठेकेदाराला. पैसे परत न आल्यास १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, मग जिल्हा ग्राहक आयोगात जा. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे, ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्यासाठी फी नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. त्याच कागदांवर दुसरा अर्ज गुजरातच्या दिव्यांग आयुक्तांकडे करा. ५०० रुपये ग्राहक आयोगातून परत मिळतील, पण स्टिकरची अट आणि साखळी कायमची हटवायची शिफारस आयुक्तच करू शकतात, आणि ज्यांना शिफारस केली त्यांना तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं. अर्जात मागणी 'पैसे परत करा' एवढीच ठेवू नका. 'यूडीआयडी कार्ड हाच पुरेसा पुरावा मानावा आणि तशी पाटी लावावी' हे वेगळ्या क्रमांकाखाली लिहा.