रांग नेमकी कुठे आहे, ते आधी बघ

चि. मित्रास अनेक आशीर्वाद.

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहिलेला तुझा लेख पोचला. संपादकांच्या हाती देण्याआधी माझ्याकडे पाठवलास, बरं केलंस. दोनदा वाचला. भाषा स्वच्छ आहे आणि राग खरा आहे. 'आम्ही वर्षानुवर्षं रांगेत उभे आहोत आणि ते कुंपण ओलांडून आत आले,' हे तुझ्या लेखातलं मुख्य वाक्य. 'आम्ही' म्हणजे अमेरिकेत ग्रीन कार्डासाठी थांबलेले भारतीय, 'ते' म्हणजे कागदांशिवाय सीमा ओलांडून आलेले. बाकी सगळा लेख त्याच्याच आधारावर उभा आहे, म्हणून माझं पत्रही त्याच वाक्याबद्दल आहे.

वकिलांच्या कचेरीत इमिग्रेशनचे कागद लावण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या आपल्या मुलांच्या फायली मी लावल्या आणि ग्वातेमालाहून पायी आलेल्यांच्याही. दोन्हीकडची माणसं समोर बसलेली पाहिली आहेत, म्हणून एवढ्या अधिकाराने सांगतो: तुझी रांग अडली आहे ती त्यांच्यामुळे नाही.

ती का अडली ते तुझ्या लेखात कुठेच नाही. १९९० च्या कायद्याने नोकरीच्या आधारावर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजारांवर बांधली. त्यात बायकामुलंही मोजली जातात. कोणत्याही एका देशाला ढोबळमानाने ७ टक्क्यांहून जास्त वाटा नाही, मग तो देश आइसलंड असो की भारत. त्यामुळे २०२५ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये (कोणाचा नंबर लागला ते सांगणारं सरकारी पत्रक) ईबी-टू या उच्चशिक्षितांच्या वर्गातल्या भारतीयांची तारीख २०१३ च्या आसपास घुटमळत होती, म्हणजे तेव्हा अर्ज केलेल्यांचा नंबर लागत होता. मेक्सिकोच्या सीमेवरची रिओ ग्रांदे नदी ओलांडून कोणी आलं म्हणून त्या १ लाख ४० हजारांतलं एकही कार्ड कमी होत नाही. आकडा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ठरवला आणि तीसहून जास्त वर्षं तसाच ठेवला. तुझ्या रागाचा पत्ता वॉशिंग्टनमधला आहे, ॲरिझोनाच्या वाळवंटातला नाही.

आता त्यांच्या रांगेकडे ये. 'कायदेशीर मार्गाने या ना,' असं तू लिहितोस. होंडुरासमधला एखादा गवंडी, ज्याचं इथे जवळचं कोणी नाही आणि ज्याच्याकडे पदवी नाही, त्याने कोणत्या खिडकीसमोर उभं राहायचं? कमी शिक्षणाच्या कामगारांसाठी कायमची ग्रीन कार्डं वर्षाला जास्तीत जास्त १० हजार, तीही सगळ्या जगात मिळून. शेतीच्या हंगामासाठी एच-टू-ए व्हिसा आहे, पण तो हंगाम संपला की संपतो. मेक्सिकोतल्या एखाद्याचा सख्खा भाऊ अमेरिकन नागरिक असेल तर त्या वर्गात २०२५ मध्ये २००१ साली भरलेल्या अर्जांचा नंबर लागत होता. बहुतेकांसाठी रांगच नाही. हे कळल्यावरही तू म्हणू शकतोस की रांग नसली तरी भिंत ओलांडायचा हक्क कोणाला मिळत नाही. तो मुद्दा दमदार आहे आणि मी तो खोडणार नाही. पण तो वेगळा मुद्दा आहे. तू लिहिलास तो नव्हे.

हे सगळं असं कसं झालं, तेही थोडं समजून घे. १९४२ ते १९६४ 'ब्रासेरो' नावाची योजना होती. मेक्सिकन शेतमजूर करारावर यायचे, पीक काढायचे, घरी जायचे. ती योजना १९६४ मध्ये बंद झाली. लगेच १९६५ च्या कायद्याने, ज्या कायद्यामुळे आपल्यासारख्या आशियाई लोकांना दार उघडलं त्याच कायद्याने, अमेरिका खंडातल्या शेजाऱ्यांवर पहिल्यांदाच संख्येची मर्यादा घातली. शेतं तिथेच होती, मजूर तेच होते, मालक तेच होते. फक्त त्यांचं येणं बेकायदा झालं. पुढे १९९३-९४ पासून एल पासो आणि सान दिएगोजवळ पहारा कडक झाला आणि वाट वाळवंटातून जाऊ लागली. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांनी वर्षानुवर्षं मांडलेलं निरीक्षण मला कचेरीतही दिसायचं: परत येणं महाग आणि जिवावरचं झालं, तसे हंगामी पुरुष परत जाईनासे झाले आणि बायकामुलांना इकडे आणू लागले. १९९६ च्या कायद्याने आणखी एक फास टाकला. वर्षाहून जास्त काळ बेकायदा राहिलेला माणूस देशाबाहेर गेला की १० वर्षं परत येऊ शकत नाही. लपून सीमा ओलांडून आलेल्याने नागरिकाशी लग्न केलं तरी कागद नीट करायला बहुतेक वेळा बाहेर जावं लागतं, आणि बाहेर गेलं की ही बंदी लागू होते. माफीचा अर्ज आहे, पण तो मंजूर होईलच असं नाही. नवरा-बायको हा नियम पहिल्यांदा ऐकतात तेव्हा त्यांना वाटतं, वकिलाला काहीतरी चुकीचं कळलंय.

मधे १९८६ मध्ये रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर केलं. बदल्यात कागद नसलेल्यांना कामावर ठेवणाऱ्या मालकांवर कारवाई व्हायची होती. माफी झाली, मालकांवरची कारवाई आय-९ च्या कागदापुरती (नोकरीवर घेताना भरायचा फॉर्म) उरली. आज 'पुन्हा माफी नको' म्हणणाऱ्यांच्या मनात १९८६ चा हा अर्धा सौदा असतो, आणि त्यांचं चुकत नाही. तुझ्या लेखात मालक हा शब्द एकदाही नाही, हे मला खटकलं. कत्तलखाने, दुग्धशाळा, घरबांधणीचे ठेकेदार या वादात नेहमी अदृश्य राहतात.

दुसऱ्या बाजूबद्दल आता थोडं जास्त लिहितो, कारण तुझ्या वयाची इथली कॉलेजातली मुलं सीमेच्या पहाऱ्याचं नाव काढलं की लगेच वंशद्वेष म्हणतात, आणि त्यांना उत्तर देताना तूही घसरतोस. सीमा सांभाळणं हे सरकारचं काम आहे. १९९० च्या दशकात इमिग्रेशन सुधारणा आयोगाच्या अध्यक्ष होत्या टेक्ससच्या बार्बरा जॉर्डन. कृष्णवर्णीय, डेमोक्रॅट, नागरी हक्कांसाठी झगडलेल्या. त्यांनी काँग्रेससमोर साधं सांगितलं होतं: ज्यांना यायला हवं ते यावेत, ज्यांना रोखायला हवं ते रोखले जावेत, आणि ज्यांनी इथे असू नये त्यांना परत जावं लागावं. सेझर चावेझ यांची शेतमजुरांची संघटना १९७० च्या दशकात कागद नसलेल्या मजुरांविरुद्ध उभी होती, कारण मळेवाले त्यांना संप फोडायला आणायचे. तेव्हा 'डावे म्हणजे उघडी सीमा' हे सूत्र इतिहासात टिकत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये बॉर्डर पॅट्रोलने दक्षिण सीमेवर एका महिन्यात सुमारे अडीच लाख वेळा लोकांना पकडलं. एवढी माणसं नोंदवायची, निजवायची, पुढे पाठवायची व्यवस्था कोणाकडेच नव्हती. टेक्ससच्या स्टार काउंटीत जवळजवळ सगळी वस्ती हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या घराण्यांतली. १८९६ पासून दर अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक मत देणारी. २०२४ मध्ये ती ट्रम्प यांच्याकडे गेली. महागाईचा राग त्यात होताच, पण सीमेवर राहणाऱ्या माणसाला पहारा हवा असतो हेही त्यात होतं. त्यांना द्वेष्टे म्हणणं हा आळस आहे.

आणि काँग्रेस? २०१३ मध्ये सेनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी मोठं विधेयक मंजूर केलं. काँग्रेसच्या दुसऱ्या सभागृहाने, हाउसने, ते मतदानालाच घेतलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये लँकफर्ड, मर्फी आणि सिनेमा या तीन सेनेटरांनी आश्रयाचे निकष कडक करणारं विधेयक आणलं. ट्रम्प यांनी विरोध केला, ते पडलं. ही दोन विधेयकं नीट वाच. या वादात कोणाला उत्तर हवंय आणि कोणाला प्रश्न तसाच ठेवायचाय, ते भाषणांपेक्षा तिथे लवकर दिसतं.

आश्रयाबद्दल तू 'पळवाट' असं लिहिलंस. १९८० च्या निर्वासित कायद्यापासून अमेरिकेच्या भूमीवर पाय ठेवलेला माणूस, तो कसाही आलेला असो, आश्रय मागू शकतो, असं कायदा सांगतो; २०२४-२५ च्या आदेशांनी सीमेवर ही वाट फार आवळली. छळाची भीती सिद्ध करणं मात्र अवघड आहे. गरिबी आणि बेकारी त्यात बसत नाही. पण प्रकरण ऐकणार कोण? २०२४ च्या अखेरीस इमिग्रेशन कोर्टांत ३५ लाखांहून जास्त प्रकरणं तुंबली होती आणि न्यायाधीश होते सुमारे ७००. तारखा पडत राहतात. खऱ्या पीडिताला न्याय मिळत नाही, आणि खोटा दावा करणाऱ्याला तेवढी वर्षं काम करता येतं. एजंट हाच उशीर विकतात. गुजरातेत, पंजाबात, हरियाणात जमिनी विकून लोक जे विकत घेतात, ते मुख्यतः हा उशीर आहे. जानेवारी २०२२ मध्ये कॅनडातल्या इमर्सनजवळ गुजरातेतल्या डिंगुचा गावचं चौघांचं कुटुंब सीमेपासून काही मीटरवर गोठून मेलं, त्यात दोन लहान मुलं होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्करी विमानातून बेड्या घालून अमृतसरला उतरवलेल्या १०४ जणांत महाराष्ट्राचे ३ होते. तुझ्या लेखातले 'ते' आणि 'आपण' इतके सरळ वेगळे होत नाहीत.

शिवाय लक्षात ठेव, तुझी नोकरी गेली तर तुझ्या हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात. एकसष्टाव्या दिवशी काही न करता राहिलास तर तूही मुदत संपून राहिलेला. कायद्याने तो फौजदारी गुन्हा नाही, दिवाणी उल्लंघन आहे. चोरून सीमा ओलांडणं मात्र पहिल्या वेळी किरकोळ का होईना, गुन्हा आहे. कागद नसलेल्यांत व्हिसावर येऊन मुदत संपल्यावरही राहिलेल्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांना कोणतीही भिंत अडवत नाही.

२०२५ मध्ये सीमेवरची धरपकड महिन्याला १० हजारांच्या खाली आली. घसरण २०२४ च्या सुरुवातीलाच सुरू झाली होती आणि बायडन यांच्या जून २०२४ च्या आदेशानंतर वाढली, पण सरकारने ठरवलं तर सीमा शांत होते हे मान्य केलं पाहिजे. आता जोर देशाच्या आत आहे. जुलै २०२५ च्या कायद्याने नुसत्या कोठड्यांसाठी ४५ अब्ज डॉलर दिले. तारखेला हजर झालेल्या लोकांना कोर्टाच्या बोळातच पकडलं जाऊ लागलं. मला याचा संताप येतो. नियम पाळून हजर राहणाऱ्याला पकडलं तर उद्या हजर कोण राहील? कायद्याची बाजू घेऊन लिहिणाऱ्या तुला हा प्रश्न माझ्याआधी पडायला हवा होता.

'माझे कागद पूर्ण आहेत, मला काय,' असं तू शेवटी लिहिलंस. वैष्णो दास बगई यांचेही कागद पूर्ण होते. १९१५ मध्ये कुटुंबासह रीतसर सान फ्रान्सिस्कोला आले, दुकान काढलं, नागरिक झाले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने भारतीय 'गोरे' नाहीत म्हणून नागरिकत्वाला अपात्र ठरवले, आणि दिलेलं नागरिकत्व काढून घेणं सुरू झालं. बगईंचं गेलं, मालमत्ता गेली. भारतात जायचं तर ब्रिटिश पासपोर्ट घ्या, असं त्यांना सांगितलं. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क १९४६ मध्ये मिळाला, वर्षाला १०० जणांच्या कोट्यासह. सुनावणी, पुरावा, न्यायाधीशासमोर उभं राहण्याची संधी, यांचं मोल मला म्हणून वाटतं. ती ज्याला अजिबात कागद नाहीत त्याला मिळत असेल, तर तुला मिळेल याची खात्री राहते.

लेख फेकून देऊ नकोस. सीमा सांभाळली पाहिजे हा भाग ठेव, अजून ठामपणे लिही. रांगेचं वाक्य काढ, त्या जागी १९९० चा कायदा लिही. मालकांना आत आण. आणि पुन्हा लिहायला बसण्याआधी एक सकाळ डॅलसच्या इमिग्रेशन कोर्टात जाऊन बस. आश्रय मागणाऱ्याने सांगितलं तर त्याची सुनावणी बंद दाराआड होते, पण तारखा लावायचं काम सहसा उघड चालतं. पासपोर्ट आणि आय-९४ (देशात प्रवेशाची नोंद) जवळ ठेव. आय-९४ बाळगणं हा नियमच आहे. तिथे फक्त एवढं टिपून घे की किती जणांबरोबर वकील आहे, कारण सरकार वकील देत नाही, आणि किती मुलं एकटी आहेत. नवा मजकूर झाला की पाठव. संपादकांना मी सांगतो, दोन आठवडे थांबतील.

तुझा
काका