एकदा घेऊन पाहणाऱ्याला

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

पार्टीत एखादी गोळी घेऊन पाहिली तर काय बिघडतं, हे तू मला विचारलंस ते बरं केलंस. हा प्रश्न ऐकून मोठी माणसं ओरडतात आणि मग मुलं विचारणंच सोडून देतात. मी ओरडणार नाही. पण एकदा घेतल्याने व्यसन लागत नाही, म्हणजे धोका नाही, हा तुझा हिशेब चुकतोय. व्यसन जडायला वेळ लागतो, जीव जायला तेवढा लागत नाही.

फेंटानिल या वेदनाशामक औषधाचंच बघ. १९६० साली बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांनी ते तयार केलं. ऑपरेशनच्या वेळी ते आजही वापरतात. भूलतज्ज्ञ ते मायक्रोग्रॅममध्ये मोजून देतात आणि पेशंटच्या श्वासावरून नजर हटू देत नाहीत. मॉर्फिनच्या साधारण १०० पट तीव्र असं हे औषध. सवय नसलेल्याच्या २ मिलिग्रॅमही जिवावर बेतू शकतात, म्हणजे मिठाचे मोजके कण. आता हीच पूड कुणीतरी आडोशाला बसून दुसऱ्या भुकटीत ढवळतो आणि हुबेहूब औषधासारख्या दिसणाऱ्या गोळ्या पाडतो. असं मिश्रण कधीच एकसारखं होत नाही. एकाच पाकिटातल्या एका गोळीत जवळपास काहीच नसतं आणि शेजारच्या गोळीत दोघांचा जीव घेईल एवढं असतं. त्यामुळे मित्राने घेतली आणि त्याला काही झालं नाही, यावरून तुझ्या गोळीबद्दल काहीच कळत नाही. विकणाऱ्यालाही आत काय आहे ते ठाऊक नसतं.

यात माणूस मरतो कसा, हेही नीट समजून घे. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदू आपल्याला श्वास घ्यायला लावतो. हेरॉइन, फेंटानिल यांसारखी द्रव्यं मेंदूची ही यंत्रणाच मंद करतात. माणूस धडपडत नाही, ओरडत नाही. गाढ झोपल्यासारखा दिसतो. घशातून घोरल्यासारखी गुरगुर येते, ओठ आणि नखं निळसर पडतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. आणि सोबतचे म्हणतात, झोपू दे, सकाळी उतरेल. मला सगळ्यात जास्त भीती या वाक्याची वाटते. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत घेतल्या असतील, तर श्वास आणखी लवकर थांबतो.

असं कुणी दिसलं तर आधी ॲम्ब्युलन्स बोलाव. घरचे काय म्हणतील, पोलीस येतील का, हा विचार नंतर. काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांग. श्वास चालू असेल तर कुशीवर वळव, बंद असेल तर तोंडाने श्वास दे. नॅलॉक्सोन, म्हणजे हेरॉइन-फेंटानिलचा परिणाम उलटवणारं औषध, मिळालं तर काही मिनिटांत श्वास परत येऊ शकतो, पण त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि माणूस पुन्हा बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून शुद्धीवर आला तरी त्याला एकटं सोडू नकोस.

नशेची बाकीची द्रव्यंही काही निरुपद्रवी नाहीत. एमडीएमएने, म्हणजे पार्टीत 'एक्स्टसी' म्हणतात त्या गोळीने, अंगाचा ताप जीवघेणा चढू शकतो. केटामाइन हे भुलीचं औषध नशेसाठी वारंवार घेणाऱ्यांचं मूत्राशय आकसतं, लघवीतून रक्त जातं. 'गांजासारखंच' म्हणून विकलं जाणारं कृत्रिम रसायन मेंदूवर गांजापेक्षा कितीतरी जोराने काम करतं, त्यातून फिट येतात, भ्रम होतात. आणि यातल्या कशावरही नॅलॉक्सोन चालत नाही.

तुझा जो मित्र व्यसनावर उपचार घेऊन परत आलाय, त्याच्याशी मात्र याच आठवड्यात बोल. काही आठवडे बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते. पूर्वी पचायचा तोच डोस आता त्याचा जीव घेऊ शकतो, आणि हे त्याला कुणी सांगितलं असेलच असं नाही. पुन्हा घेतलंस का, असं विचारून सुरुवात करू नकोस, तो मिटून जाईल. झोप लागते का, रात्री काय होतं, ते विचार. माझ्याशी बोलायची त्याची तयारी असेल तर माझा नंबर दे. मी कुणाला काही सांगणार नाही.

तुझ्या उत्तराची वाट पाहतो आहे.