घरी हाय-फाय (चांगल्या दर्जाची संगीत-यंत्रणा) उभारताना आवाज खरोखर पालटतो तो कोणत्या टप्प्यांवर?

तुमच्याकडे ४० वॉटचा ॲम्प्लिफायर, छोटे दोन स्पीकर, टर्नटेबल आणि आजोबांच्या तबकड्या आहेत, खोली दहा बाय बाराची आहे, आणि उरलेले पैसे डॅकवर (डिजिटल सिग्नलचं ॲनालॉग आवाजात रूपांतर करणारं उपकरण) घालावेत की केबलवर, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते तूर्त दोन्हींवर नको.

पहिला मोठा पालट स्पीकर जागेवरून हलवले की येतो, आणि तो फुकट असतो. बहुतेक घरांत स्पीकर टीव्ही युनिटवर किंवा कपाटाच्या माथ्यावर, भिंतीला पाठ लावून असतात आणि सोफा समोरच्या भिंतीला चिकटलेला. दोन्हीकडून खर्ज फुगतो. तुमच्या खोलीसाठी सुरुवातीची मापं अशी: स्पीकर दहा फुटी भिंतीपुढे मांडा, त्यांची दर्शनी बाजू मागच्या भिंतीपासून ५० सेंमी पुढे. प्रत्येक स्पीकरचा मध्य बाजूच्या भिंतीपासून ७२ सेंमी, म्हणजे दोघांत १६० सेंमी राहतील. तुमचं डोकं स्पीकरमागच्या भिंतीपासून २२५ सेंमीवर यावं. ट्वीटर (वरचे स्वर देणारा छोटा भोंगा) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, साधारण ९० ते ९५ सेंमीवर. त्यासाठी ६० ते ६५ सेंमीचे स्टँड लागतात, पोकळ असतील तर कोरडी वाळू भरा.

५० आणि ७२ ही अंतरं मुद्दाम वेगळी ठेवली आहेत. भिंतीवर आपटून परतलेला आवाज मूळ आवाजाला एका ठरावीक कंप्रतेवर खोडतो. ३४३ ला अंतराच्या (मीटरमध्ये) चौपटीने भागलं की ती मिळते: ५० सेंमीला सुमारे १७० हर्ट्झ, ७२ सेंमीला ११९. दोन्ही अंतरं सारखी झाली तर दोन्ही खड्डे एकाच ठिकाणी पडतात आणि पुरुष गायकाचा आवाज पोकळ लागतो.

खोलीचे स्वतःचे सूरही असतात. बारा फुटांचा ४७ हर्ट्झला, दहाचा ५६ला, साडेनऊ फूट उंचीच्या छताचा ५९ला. तिन्ही जवळजवळ, म्हणून अशा खोल्या त्याच पट्ट्यात घुमतात. लांबीच्या बरोबर मध्यावर बसलात तर ४७ची लाट जवळपास नाहीशी होते, तुमच्या पाठीमागच्या भिंतीला टेकलात तर तीच सर्वांत मोठी. २२५ सेंमी हा या दोन्हींमधला मार्ग. एक गंमत: घुमण्याचा दोष स्पीकरला देण्याआधी मोबाइल ॲम्प्लिफायरला जोडून त्यावरच्या टोन जनरेटरने (एकच सूर वाजवणारं ॲप) ३० ते २०० हर्ट्झ हळूहळू वाजवून पाहा. शोकेसची काच, लोखंडी कपाटाचं दार आणि माळ्यावरची भांडी आपापला सूर लावतात.

मग वायरी. एका स्पीकरची लाल-काळी उलटी लागली असेल तर खर्ज गायब होतो आणि गाणारा माणूस मध्यभागी उभा न राहता सगळीकडे पसरतो. वायरीवर खूण नसेल तर स्पीकर ॲम्प्लिफायरपासून सोडवा, दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. सेलचा प्लस ज्या टोकाला लागल्यावर वूफरचा (खर्ज देणाऱ्या मोठ्या भोंग्याचा) कोन बाहेर येतो ते लाल. केबल म्हणून २.५ चौरस मिमीची साधी तांब्याची वायर पुरते. पाच मीटर लांबीत जाऊन-येऊन तिचा रोध सुमारे ०.०७ ओहम भरतो, आणि आठ ओहमच्या स्पीकरला ०.४ ओहमपर्यंत चालतो.

दुसरा पालट खोलीचा. टाइल्स, सिमेंटच्या भिंती, काचेच्या खिडक्या. टाळी वाजवलीत तर मागे झणकार उठेल. तुम्ही जागेवर बसा, कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात ट्वीटर दिसेल तिथे ६० बाय १२० सेंमीची, ५ सेंमी जाडीची रॉकवुलची (दगडाच्या तंतूंची आवाज शोषणारी) पाटी (घनता ४८ किलो प्रतिघनमीटर) सुती कापडात गुंडाळून, भिंतीपासून ५ सेंमी सोडून लावा. हाताळताना हातमोजे आणि मास्क हवाच. पुढे जाड गालिचा, मागे पुस्तकांनी भरलेलं कपाट. भिंतीला चिकटवलेले अंड्यांचे ट्रे मात्र नुसती शोभा.

वॉट वाढवण्यात दम नाही. ४० चे ८० केले तरी जेमतेम ३ डेसिबल मिळतात.

तबकड्यांच्या बाबतीत घोटाळे जास्त. एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) काट्रिज, म्हणजे टर्नटेबलचा सुई बसवलेला भाग, ३ ते ५ मिलिव्होल्ट देतं, सीडी प्लेअर २ व्होल्ट. शिवाय तबकडी कापताना खर्ज दाबलेला आणि वरचे स्वर उचललेले असतात, ते फोनो स्टेज (तबकडीचा सिग्नल वाढवणारं सर्किट, ॲम्प्लिफायरच्या ‘फोनो’ इनपुटमागे असतं) पूर्ववत करते. म्हणून टर्नटेबल थेट ऑक्समध्ये (ॲम्प्लिफायरच्या साध्या इनपुटमध्ये) लावलं की आवाज क्षीण आणि पत्र्यासारखा येतो. उलट आतच प्रीॲम्प (म्हणजे फोनो स्टेज) असलेलं टर्नटेबल ‘लाइन’वर ठेवून फोनोत लावलं तर सगळं फाटतं. सुईचा भार डिजिटल काट्यावर मोजा. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-व्हीएम९५ई या काट्रिजला २ ग्रॅम. हलका भार तबकडीला जपतो ही समजूत चुकीची, कारण सुई खाचेत उसळून खाच खरवडते. ‘स’ आणि ‘श’ फाटू लागले की ओळखा. टर्नटेबल स्पीकरच्या फळीवर नको, भिंतीत ठोकलेल्या शेल्फवर ठेवा.

आजोबांच्या संग्रहात नाट्यपदांच्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे) तबकड्या असतील तर एलपीची (नंतरच्या लाँग-प्ले तबकड्यांची) सुई वापरू नका. ती रुंद खाचेच्या तळाशी जाऊन निव्वळ खरखर उचलते. व्हीएम९५च्या त्याच बॉडीवर ७८ची सुई बसते. टर्नटेबलला तो वेग आहे ना, तेवढं बघा. त्या तबकड्या लाखेच्या असतात, अल्कोहोलने पुसल्या तर लाख विरघळते.

सतत घूं आवाज येत असेल तर आधी टर्नटेबलची अर्थ वायर ॲम्प्लिफायरच्या स्क्रूला लावली आहे का ते पाहा, मग सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. प्लगची अर्थ पिन कधीही कापू नका. केबल टीव्हीची वायर किंवा लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर आवाज थांबला, तर दोषी तोच. टीव्हीमुळे होत असेल तर ऑप्टिकल इनपुट असलेला डॅक खरोखर कामाला येतो, कारण ऑप्टिकल केबल सिग्नल प्रकाशाने नेते आणि तिच्या काचेतून किंवा प्लास्टिकमधून वीज वाहत नाही.

इक्वलायझर (ठरावीक कंप्रतांचा आवाज कमी-जास्त करणारी सोय) शेवटी. आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर आणि यूएसबी मोजमाप-माइक घेऊन बसायच्या जागी आलेख काढा. २०० हर्ट्झच्या खालचे उंचवटे कापा, खड्डे भरू नका. ६ डेसिबल उचलायला चौपट वॉट लागतात, आणि खोडला गेलेला आवाज उचलला की परतणारी लाटही तितकीच उचलली जाते, म्हणून खड्डा तसाच राहतो. त्यासाठी खुर्ची पाच-दहा सेंमी मागे-पुढे करून पुन्हा मोजा.