निधीसाठी व्हिडिओ गेमची स्पर्धा भरवताना पैशांचा मार्ग आधी ठरवा

आपला प्रश्न असा आहे की, महाविद्यालयातील ३२ मुलांची ईए एफसी, म्हणजे पूर्वीच्या फिफा या फुटबॉल गेमची स्पर्धा भरवून कर्करुग्ण मुलांसाठी निधी उभारायचा आहे; प्रत्येकी २०० रुपये प्रवेशशुल्क घेऊन निम्मी रक्कम विजेत्याला आणि निम्मी संस्थेला द्यायचे मनात आहे, तर सुरुवात कुठून करावी? पुण्यात अशा स्पर्धांच्या आयोजनात मी बरीच वर्षे हातभार लावत आलो आहे, त्यामुळे माझे पहिले सांगणे असे की, ही निम्म्या-निम्म्याची योजना सोडून द्यावी.

या हिशेबाने जमतील ६,४०० रुपये आणि संस्थेला मिळतील ३,२००. त्यातूनच सभागृहाचे भाडे द्यायचे झाले तर हाती काहीच उरणार नाही. शिवाय शुल्क भरायचे आणि त्या बदल्यात रोख बक्षिसाची आशा धरायची, ही रचना ऑनलाइन खेळांच्या बाबतीत केंद्राच्या २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. म्हणून सामने इंटरनेटवर न घेता एकाच सभागृहात, समोरासमोर बसून घ्यावेत, प्रवेश विनामूल्य ठेवावा आणि विजेत्याला रोख रकमेऐवजी करंडक द्यावा. सभागृह, करंडक आणि चहापाण्याचा खर्च एखाद्या स्थानिक दुकानदाराकडून किंवा माजी विद्यार्थ्यांकडून प्रायोजकत्व म्हणून घ्यावा. ‘तुम्ही दिलेला प्रत्येक रुपया संस्थेकडे जाणार आहे’ असे ठामपणे सांगता आले की देणाऱ्याचा हात आखडत नाही, असा माझा अनुभव आहे.

दुसरी बाब म्हणजे, देणगी आपल्यापैकी कोणाच्याही वैयक्तिक खात्यात घेऊ नये. महाराष्ट्रात धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे असतील तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क चा विचार करावा लागतो; गणेशोत्सव मंडळे वर्गणीसाठी दरवर्षी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडून परवानगी घेतात ती याच कलमाखाली. आपल्याला सोपा मार्ग असा की, नोंदणीकृत संस्थेशी आधी बोलून तिचे लेखी संमतीपत्र घ्यावे आणि तिच्याच खात्याचा क्यूआर कोड मोठ्या अक्षरांतील नावासह प्रत्येक पडद्याशेजारी लावावा. पावती संस्थाच देईल. प्राप्तिकरात ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत कोणाला हवी असल्यास त्याने पॅन द्यावा. २,००० रुपयांहून अधिकची देणगी रोख दिली तर ही सवलत मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत ती मुळातच नाही, हेही त्याला आधीच सांगावे.

मग पैसे येणार कोठून? खेळाडूंकडून नव्हे, प्रेक्षकांकडून. अमेरिकेत जानेवारी २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘गेम्स डन क्विक’ या उपक्रमाचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. तेथे खेळाडू एखादा गेम कमीत कमी वेळात संपवतात, लोक ते थेट प्रक्षेपणात पाहतात आणि देणग्या देतात. प्रिव्हेंट कॅन्सर फाउंडेशन आणि डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थांना त्यातून मोठा निधी मिळाला आहे. ‘सुपर मेट्रॉइड’ या गेमच्या शेवटी काही प्राण्यांना वाचवता येते, पण त्यात मोलाचे सेकंद जातात; म्हणून प्राणी वाचवायचे की नाही हा निर्णय देणगीदारांवर सोपवला जातो आणि दोन्ही बाजूंच्या देणग्यांची चढाओढ शेवटच्या क्षणापर्यंत चालते. आपल्याकडेही उपांत्य फेरीतील खेळाडूने कोणता संघ घेऊन खेळायचे हे प्रेक्षकांच्या देणग्यांवर ठरवता येईल. एखाद्या लाडक्या प्राध्यापकांना अव्वल खेळाडूसमोर बसवायचे आणि ठरलेली रक्कम जमली तरच तो सामना होईल असे जाहीर करायचे, हा प्रकार तर हमखास रंगतो. मात्र निकालावर पैसे लावणे कटाक्षाने टाळावे. देणाऱ्याला परत काही मिळता कामा नये.

स्पर्धेची रचना करताना थेट बाद फेरी ठेवू नये, कारण मग १६ जण एकेका सामन्यानंतर मित्रांसह निघून जातात आणि दुपारपर्यंत सभागृह ओस पडते. चार-चार जणांचे आठ गट केले तर गटांत ४८ सामने होतात. प्रत्येक गटातून दोघे पुढे गेले की बाद फेरीचे १५, म्हणजे एकूण ६३. चार कन्सोल, म्हणजे गेम चालवणारी यंत्रे, असतील आणि चार मिनिटांचा एक अर्ध धरून, मांडामांडीसह एका सामन्याला १५ मिनिटे दिली, तर हे सारे सव्वाचार तासांत बसते. प्रत्यक्षात साडेपाच तास हाताशी ठेवावेत, कारण वेळ खेळात जात नाही, खेळाडू शोधण्यात जातो. पुढच्या सामन्याच्या दोघांना कन्सोलमागच्या खुर्च्यांवर आधीच आणून बसवणे एवढेच काम करणारा एक स्वयंसेवक नेमावा. प्रत्येक कन्सोलला एक जादा, चार्ज केलेला कंट्रोलर ठेवावा आणि सगळ्या कंट्रोलरच्या कांड्या, म्हणजे अंगठ्याने खेळाडू हलवायच्या छोट्या दांड्या, आदल्या दिवशी तपासाव्यात. बोट न लावताही पडद्यावरचा खेळाडू एका बाजूला सरकू लागला की भांडण ठरलेलेच. गेमच्या कंपनीने सामुदायिक स्पर्धांसाठी आपल्या संकेतस्थळावर दिलेले नियमही वाचून घ्यावेत.

स्पर्धेनंतर आठवड्याभरात संस्थेकडून एकूण जमा रकमेचे पत्र घ्यावे आणि प्रायोजकांकडून मिळालेल्या पैशांचा खर्च बिलांसह त्याच्या शेजारी मांडून दोन्ही कागद महाविद्यालयाच्या सूचना फलकावर लावावेत.