सूत जाते कोठे आणि माग थांबतो का : सोलापूरच्या कारखानदारांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. खरेदी केलेले सूत आणि तयार टॉवेल यांच्या वजनाचा मेळ बसत नाही. चिंधी तर मोजकीच निघते. मग सूत जाते कोठे?

उत्तर : पुष्कळदा ते ग्राहकाला फुकट दिले जाते. ग्राहकाने ४५० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाचा, टॉवेल मागितला आणि वजन कमी भरण्याच्या भीतीने आपण तो ४७० चा विणला, तर ७५ बाय १५० सेंटिमीटरच्या नगामागे साडेबावीस ग्रॅम, म्हणजे हजार नगांमागे साडेबावीस किलो सूत जादा लागते. आणि माल बिनतक्रार पास होत असल्यामुळे ही तूट कोणाच्याही नजरेस येत नाही. लूपची (टॉवेलवरील धाग्याच्या फासांची) उंची प्रत्येक मागावर वेगळी असेल तर हे हमखास घडते. म्हणून प्रत्येक मागावरचा एक टॉवेल रोज काट्यावर ठेवावा आणि फरक दिसताच लूपच्या बीमचा (धागा गुंडाळलेल्या रुळाचा) ताण तपासावा.

सगळीच तूट मात्र खरी नसते. सुती धाग्याचे व्यापारी वजन कोरड्या वजनावर ८.५ टक्के ओलावा धरून ठरते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडील कोरड्या हवेत पडून राहिलेले सूत गोदामातच हलके होते. ताण्याला (उभ्या धाग्यांना) दिलेली खळ धुलाईत निघून जाते, शिवाय धुलाई व ब्लीचिंगमध्ये कापसाचेही थोडे वजन घटते. गोदाम, वार्पिंग (ताणा बीमवर गुंडाळणे), माग, धुलाई-रंगाई आणि शिलाई अशा प्रत्येक टप्प्यावर एकाच लॉटचे वजन करून पाहिल्याखेरीज कोणती तूट नैसर्गिक आणि कोणती टाळता येण्याजोगी, हे कळणार नाही. सगळ्या कारखान्यावर एकदम हा प्रयोग करू नये. नोंदी दोन दिवसांत ढिल्या पडतात.

प्रश्न : आमचे यंत्रमाग जुने आहेत, उत्पादन कमी निघते. कर्ज काढून नवे माग घ्यावेत का?

उत्तर : आधी आहेत ते माग किती चालतात, ते मोजावे. मिनिटाला १४० पिक, म्हणजे आडवे धागे, पडणाऱ्या मागावर इंचाला ४० पिकांचे कापड विणले, तर मिनिटाला साडेतीन इंच, म्हणजे आठ तासांच्या पाळीत सुमारे ४२.७ मीटर कापड निघायला हवे. प्रत्यक्षात २६ मीटर निघत असेल, तर माग ६१ टक्केच काम देतो आहे. उरलेले ३९ टक्के कोठे गेले, याचे उत्तर मिळाल्याशिवाय कर्जाचा अर्ज करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यासाठी मागाशेजारी एक पाटी लावावी आणि माग थांबला की कारणापुढे रेघ ओढावी : ताण्याचा धागा तुटला, बाणा (आडवा धागा) तुटला, कांडी (बाण्याची गुंडाळी) संपली, बीम संपला, जॉबरची (माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराची) वाट पाहिली, वीज गेली. ही नोंद दंड करण्यासाठी नाही, हे कामगारांना पहिल्याच दिवशी सांगावे, नाहीतर रेघा खोट्या पडतात. मजुरी मीटरवर असल्याने माग थांबला की त्यांचेही नुकसान होते, त्यामुळे विश्वास बसला की ते स्वतःहून कारणे सांगतात. रेघांची गर्दी दुपारच्या पाळीत ताण्याच्या तुटीपुढे दिसली, तर दोष मागाचा नसून कोरड्या हवेचा असू शकतो, कारण ओलावा कमी झाला की सुती धाग्याची ताकद घटते. अशा वेळी शेडमधील आर्द्रता वाढवण्याचा खर्च नव्या मागापेक्षा फारच कमी असतो. जॉबरच्या प्रतीक्षेपुढे गर्दी असेल, तर नवे माग आणूनही तीच प्रतीक्षा राहील.

प्रश्न : रंगाई विभागाचे वीजबिल आणि बॉयलरचा जळणखर्च कसा कमी करावा?

उत्तर : सुट्टीच्या दिवशी हवेचा वापर पूर्ण बंद ठेवून कॉम्प्रेसर चालू करावा. तो दहा मिनिटांपैकी तीन मिनिटे लोडवर राहिला, म्हणजे हवा भरत राहिला, तर त्याच्या क्षमतेची सुमारे ३० टक्के हवा गळतीत जात आहे. दाब गरजेपेक्षा एक बार जास्त ठेवल्यास वीज साधारण ६ ते ७ टक्के जादा लागते, तोही पाहावा. बॉयलरच्या पाण्याचे तापमान दर ६ अंशांनी वाढले की जळण सुमारे १ टक्का वाचते; म्हणून वाफेचे गरम पाणी गटारात न सोडता टाकीत परत आणावे.

प्रश्न : आम्ही शालेय गणवेश शिवतो. कटिंगमध्ये कापड वाया जाते, त्याला उपाय काय?

उत्तर : एकाच मापाचा मार्कर (कापडावरील तुकड्यांच्या मांडणीचा आराखडा) न लावता लहान आणि मोठी मापे एकत्र मांडावीत, लहान तुकडे मोठ्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत बसतात. कापडाचा पन्हा ठाणागणिक मोजून तेवढ्याच पन्ह्याचा मार्कर वापरावा. पण आपले मोठे नुकसान कटिंग टेबलावर नसून गोदामात असण्याची शक्यता अधिक आहे. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी सांगितलेल्या सात अपव्ययांत मागणीपेक्षा जास्त उत्पादन हा त्यांनी सर्वांत वाईट मानला होता. जूनच्या हंगामासाठी अंदाजाने शिवलेल्या आणि शाळेने रंग बदलल्यामुळे पडून राहिलेल्या गणवेशात कापड, मजुरी आणि भांडवल तिन्ही अडकते. म्हणून नक्की ऑर्डर असलेल्या शाळांचे शिवण आधी करावे, बाकीचे कापड ठाणातच ठेवावे आणि शाळेचे बोधचिन्ह अगदी शेवटी लावावे.